धोंड्याची काच

(दुपार. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. मावशी, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वी वेधशाळेत काचा धुणारी. समोर खारू, तिथल्या साहेबांची मुलगी; आता ती स्वतः त्याच वेधशाळेत आकाश मोजते.)

खारू: तुकडे, मावशी. त्या फुटलेल्या काचेचे तुकडे. कुठे टाकलेस ते आठव, बाकी काही नको.

मावशी: आल्या आल्या तुकडे! वर्षभरानं उगवलीस, आधी पाणी पी. दोन जिने चढलीस तर केवढी धाप लागलीय. पन्नाशी झाली ना तुझी?

खारू: झाली. विषय बदलू नकोस.

मावशी: मी कशाला बदलू? चाळीस वर्षांपूर्वीच्या केराचा पत्ता विचारतेस. मला कालचा सांगता यायचा नाही.

खारू: केर नव्हता तो. आकाशाचा फोटो होता त्या काचेवर. बाबांनी चौकशीत लिहून दिलंय, मी कालच तो कागद शोधून वाचला. ‘काच माझ्या हातून फुटली. तुकडे सफाईला दिले.’ सफाईला म्हणजे तुलाच ना? दुसरं होतं कोण तिथे?

मावशी: असं लिहिलंय होय साहेबांनी.

खारू: स्वतःच्या अक्षरात.

मावशी: अक्षर मात्र मोत्यासारखं होतं त्यांचं. पण आत्ताच कशाला उकरून काढतेस हे?

खारू: तो धोंडा सापडलाय म्हणून.

मावशी: कुठला?

खारू: बाबांचा. आकाशातून फिरणारा, ज्याच्यापायी लोक त्यांना धोंडेसाहेब म्हणायचे, तो. गेल्या महिन्यात नव्या दुर्बिणीत दिसला. त्याची वाट आम्ही मागे मागे मोजत नेली. चाळीस वर्षांपूर्वी, त्याच रात्री, आकाशाच्या त्याच कोपऱ्यात येऊन पोचलो. बाबांनी तारेत कळवलं होतं, अगदी तिथे.

मावशी: म्हणजे साहेबांचं खरं होतं.

खारू: मला तसं वाटतं. इतरांना पुरावा हवा. आणि नुसतं बाबांचं नाव नाही गं त्यात. अठ्ठावीस वर्षांनी तो पृथ्वीजवळून जाणार आहे. नुसता जाईल की आदळेल, आज कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. सहाशेत एकदा आदळेल, असं गणित म्हणतं. तेव्हाची एक जागा नक्की मिळाली की गणित पक्कं होईल.

मावशी: आणि आदळला तर? बुडालं जग?

खारू: जग नाही. पण आपल्या शहराएवढं शहर शिल्लक राहणार नाही.

मावशी: आणि काच नाहीच मिळाली तर?

खारू: चार वर्षं थांबायचं. तो फिरून पुन्हा दिसेपर्यंत. तोवर लोक विचारत राहणार आणि आम्ही ‘बघू’ म्हणत राहणार. म्हणून म्हणते, एक तुकडा चालेल. नखाएवढा, त्याची रेघ आणि शेजारचे दोन-तीन तारे असलेला. तुझ्याकडे जुन्या काचा आहेत, मला माहीत आहे. त्या कपाटाला लावलेल्या तिथल्याच ना?

मावशी: त्या धुतलेल्या आहेत. कोऱ्या. टाकाऊ काचा गरम सोड्याच्या पाण्यात बुडवायच्या, वरचा फोटोचा साका सुटला की खरवडायचा. लख्ख व्हायच्या. साहेब म्हणायचे, घेऊन जा चार, कपाटाला होतील. दहा बोटांपैकी एक सांग मला, ज्याच्यावर कापल्याची खूण नाही!

खारू: आठवतंय मला. शाळा सुटली की मी तुझ्या टेबलाखाली बसायचे. सोड्याचा वास, ओलं लाकूड, आणि वर घुमट फिरवला की सगळ्या खोलीचे दात वाजायचे.

मावशी: लोखंडी जिन्यावर तुरुतुरु वर, तुरुतुरु खाली. माझी फडकी पळवून कुठल्या कुठल्या फटीत लपवायचीस. म्हणून तर खारू झालीस. आणि साहेब काचा आणून द्यायचे तेव्हा रोज एक नवं संकट सांगायचे. एक दिवस म्हणे सूर्य फुगणार, समुद्र आटणार. एक दिवस म्हणे लांबचा तारा फुटला तर त्याच्या झळीनं आपली हवाच करपेल. मी विचारायची, रविवारच्या आधी की नंतर? माझं घरचं धुणं पडलंय.

खारू: ते घरी येऊन सांगायचे आम्हाला. हसू आवरायचं नाही त्यांना.

मावशी: तेव्हा खूप हसायचे ते.

खारू: नंतर नाही. काच गेली आणि सगळं गेलं. बाहेरच्या वेधशाळा म्हणाल्या, काच पाठवा, तपासतो. यांच्याकडे काच नाही. वर अकरा रात्री ढग. ढग हटले तोवर धोंडा दिसेनासा झालेला. मग कोणी म्हणालं काचेवरचा ओरखडा असेल, कोणी म्हणालं प्रसिद्धीची हौस. मी नोकरीसाठी मुलाखतीला गेले तेव्हासुद्धा एक जण हसला. ‘धोंडेसाहेबांच्या कन्या का?’ घरी आले आणि बाबांना वाट्टेल ते बोलले मी.

मावशी: काय बोललीस?

खारू: म्हटलं, एक काच सांभाळता आली नाही तुम्हाला. एक! आणि मी जन्मभर लोकांची तोंडं बघायची. तेव्हा तरी सांगायचं ना, कशी फुटली ते. तीस वर्षं मी... ते गेले, त्याला नऊ वर्षं झाली. कधी विषय काढला नाही. मावशी, तू रडतेस का?

मावशी: खारू, तुकडे नाहीत.

खारू: नीट आठव. मागच्या अंगणात खड्डा होता ना?

मावशी: खड्डा खणलास तरी मिळायचे नाहीत. तुकडे कधी नव्हतेच. काच फुटली नाही.

खारू: म्हणजे?

मावशी: मी धुतली ती.

खारू: काय?

मावशी: तिथे दोन मांडण्या होत्या. खिडकीकडची, तिच्यातल्या काचा ठेवायच्या. दाराकडची, तिच्यातल्या धुवायच्या. वर साहेबांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, पण मला कुठे वाचता येत होतं? मी आपली दार आणि खिडकी लक्षात ठेवून होते. सहा वर्षं एक चूक नाही. मग भिंती रंगवायला माणसं आली. मांडण्या बाहेर काढल्या, आणि रंग वाळल्यावर ठेवल्या त्या उलट. खिडकीची दाराकडे, दाराची खिडकीकडे.

खारू: आणि बाबांनी चिठ्ठी बघून ठेवली.

मावशी: त्यांनी बरोबर चिठ्ठी बघितली. पहाटे रेघ सापडली, तार केली, काच मांडणीत ठेवून घरी झोपायला गेले. दुपारी येऊन मोजणार होते. मी सकाळी आले आणि दाराकडच्या मांडणीतल्या सहाच्या सहा काढल्या.

खारू: मोजायच्या आधीच.

मावशी: दुपारी आले तशी मीच पुढे होऊन सांगितलं, साहेब, आज सगळ्या झाल्या. खुशीत होते गं मी, काम लवकर आटपलं होतं. त्यांनी मांडणीकडे बघितलं, चिठ्ठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पालथ्या बादलीवर बसले. मग म्हणाले, ‘तुला वाचता येत नाही, हे मी सहा वर्षांत विचारलंच नाही.’

खारू: ओरडले नाहीत?

मावशी: ओरडले असते तर बरं झालं असतं. चौकशी लागली तेव्हा मी गेले होते त्यांच्याकडे. म्हटलं, मी सांगते, माझ्या हातून झालं. तर मलाच समजावायला लागले. ‘तुला काढून टाकतील. आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चिठ्ठी लावणारा मी, तेव्हा ती गेली ती माझ्याच हातून.’ दुसऱ्या दिवसापासून रोज अर्धा तास शिकवायला बसले. पाटी नव्हती. काचेवर तोंडाची वाफ सोडायची, बोटानं अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा वाफ. अडतीस वर्षांची बाई मी, दम लागायचा.

खारू: आणि मी टेबलाखाली बसून हसत होते. मला वाटायचं तुम्ही खेळताय.

मावशी: खेळच होता तो, तुझ्यापुरता.

खारू: पण मला का नाही सांगितलंस? चाळीस वर्षं, मावशी! मी त्यांना बोलले तेव्हा तरी?

मावशी: आधी नोकरी होती म्हणून. मग तू मावशी म्हणायचीस म्हणून. मग साहेबच गेले, आता कोणाला काय त्याचं, म्हणून. प्रत्येक वेळेला निमित्त सापडायचं. तू बोललीस ते मला कळलं होतं.

खारू: त्यांनी सांगितलं?

मावशी: दुसऱ्याच दिवशी. म्हणाले, ‘खारू काल फार चिडली माझ्यावर. काच हरवल्याचा एवढा राग येतो, म्हणजे पोरीला आकाशाची गोडी लागली.’ खूश होते. खोटं नाही सांगत.

खारू: खूश होते?

मावशी: मला म्हणाले, तिला यातलं काही कळू देऊ नकोस, ती तुझ्याकडे यायची थांबेल.

खारू: असं म्हणाले?

मावशी: आता थांबशील तर थांब. मी काही म्हणायची नाही.

खारू: गप गं. मला जरा बसू दे.

मावशी: बस.

खारू: मग चार वर्षं थांबायचंच. दुसरा इलाज नाही.

मावशी: धोंड्याचं नाही जमायचं, पण साहेबांचं जमेल. कागद आण. मी लिहून देते तुमच्या ऑफिसला.

खारू: लोक तुला नावं ठेवतील.

मावशी: ठेवू देत. त्यांना चाळीस वर्षं ठेवली, मला राहिली असतील ती चार. पेन दे. आणि मध्ये बोलू नकोस, माझं हळू होतं. ‘ती काच फुटली नाही. मांडण्यांची अदलाबदल झाली होती. मला वाचता येत नव्हतं. मी ती धुतली.’ झालं?

खारू: झालं. सही कर.

मावशी: थांब. आणखी एक लिहायचं राहिलं. धुण्याआधी मी प्रत्येक काच खिडकीशी धरून बघायची. कामाचं नव्हतं ते, आपलं मला आवडायचं. दुधी काच आणि ताऱ्यांचे तिळाएवढे काळे ठिपके. त्या दिवशी एकीवर बारीकशी रेघ होती. मला वाटलं पापणीचा केस चिकटलाय. नखानं काढून बघितला, निघेना. बोट फिरवलं तर वर काही लागेना. आतच होती ती. म्हटलं, जाऊ दे, सोड्यानं निघेल.

खारू: मावशी! तू पाहिलीस ती?

मावशी: पाहिली म्हणजे? हातात धरून पाहिली. कोणी विचारलंच नाही मला.

खारू: ओरखडा नव्हता?

मावशी: ओरखडा असता तर बोटाला लागला नसता? सोळा वर्षं काचा धुतल्यात मी. काय लिहू? ‘पापणीच्या केसाएवढी’ चालेल तुमच्या लोकांना?

खारू: चालेल. तेच सगळ्यात वर लिही.