तोंड वाकडं करायचं नाही

बायको : थांबा. बूट घालू नका. आधी मला सांगा, सकाळचा रस कडू होता का?

नवरा : रस रसासारखा होता. किल्ली कुठंय? गॅरेजच्या दारात गाड्या येऊन उभ्या असतील.

बायको : किल्ली माझ्या मुठीत आहे. माझ्याकडे बघून सांगा. कडू होता का?

नवरा : आता दुधीचा रस म्हणजे काय सरबत असणार आहे?

बायको : उरलेला अर्धा दुधी भाजीला चिरायला घेतला. एक फोड जिभेवर ठेवली आणि तशीच थुंकले. चूळ भरली, साखर चघळली, तरी अजून जीभ कडू आहे माझी. आणि तुम्ही ग्लासभर प्यायलात नि वर म्हणालात, ‘छान झालाय.’

नवरा : मग? छानच म्हणायचं ठरलंय ना आपलं.

बायको : कधी ठरलं?

नवरा : छातीत स्प्रिंगा बसवायला मला आत नेत होते तेव्हा. स्ट्रेचरचा दांडा धरून चालत होतीस. म्हणालीस, ‘बाहेर आलात की मी देईन ते खायचं. पूर्वीसारखं ताट सरकवायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही.’ मी मान डोलावली होती. डोलावली म्हणजे डोलावली.

बायको : अहो, ते बिनमिठाच्या भाजीबद्दल होतं! विषाबद्दल नव्हतं!

नवरा : विष काय विष. कडू असतं ते औषधी असतं. तूच कारलं खायला घालतेस की.

बायको : कारलं जन्माचं कडू. दुधी कडू निघाला तर तोंडात घ्यायचा नसतो, टाकून द्यायचा असतो. पोटात गेला तर माणसाला आडवं करतो. आणि हे मला माहीत होतं. माहीत असून मी चाखला नाही. आपल्या गच्चीतला, आपल्या हातचा, ना खत ना फवारा. आपल्या वेलाचा दुधी कडू निघेल हे मनातच नाही आलं माझ्या.

नवरा : तेच तर.

बायको : काय तेच तर?

नवरा : काही नाही. किल्ली दे.

बायको : माझ्या ग्लासातला रस कुठं गेला? दोन भरून ठेवले होते. मी कपडे वाळत घालून खाली आले तर दोन्ही रिकामे.

नवरा : सांडला तो. कोपर लागलं. पुसून घेतलं मी.

बायको : तुम्ही? तुम्ही पुसून घेतलंत?

नवरा : का, फडकं धरता येत नाही मला? दिवसभर ऑईलच पुसतो की.

बायको : पोटात कसं वाटतंय?

नवरा : पोट जागेवर आहे.

बायको : मग कपाळाला घाम कशाचा?

नवरा : तू अशी हवालदारासारखी दार अडवून उभी राहिल्यावर घाम येणार नाही तर काय? सरक. अगं, सरक म्हणतोय ना! मोरीत जाऊ दे मला!

बायको : अहो! हळू, धरा, धरा माझा हात… अगं आई गं. अहो, हे लाल काय आहे? अहो!

•

बायको : हॅलो, छोट्या? ताई बोलतेय. टेम्पो घेऊन घरी ये. आत्ता.

मेहुणा : ताई, टेम्पोत गाद्या भरल्यात. लॉजवाला मालक सकाळपासून माझ्या नावानं शंख करतोय. तेवढ्या टाकतो नि येतो.

बायको : गाद्यांसकट ये. तुझ्या दाजींना उलट्या होतायत. रक्त दिसलं मला.

मेहुणा : रक्त? काय खाल्लं त्यांनी?

बायको : दुधीचा रस. कडू निघाला.

मेहुणा : दुधीचा? ताई, मी तुला कधीचा सांगतोय, त्या माणसाला एखाद दिवस तळलेलं काहीतरी खाऊ दे. एवढं नैसर्गिक सोसत नाही सगळ्यांना…

बायको : अक्कल नंतर शिकव! ॲम्ब्युलन्स लांब आहे म्हणतात. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, घरात एक मिनिट थांबू नका, घरगुती काही पाजू नका, आहे तसे घेऊन या. उरलेला दुधी पिशवीत घालून आणा.

मेहुणा : आलोच. चौकात आहे. दार उघडं ठेव.

•

मेहुणा : झोपा दाजी, बिनधास्त झोपा. कोऱ्या गाद्या आहेत, प्लॅस्टिकही काढलेलं नाही. राजाला नसतो असा थाट. ताई, डोकं धर त्यांचं मांडीवर. मी पुढून ओरडेन, तू मागून ओरड, मधली खिडकी उघडी ठेवलीय.

बायको : खड्डे चुकव.

मेहुणा : खड्डे चुकवू की जोरात नेऊ? दोन्ही कसं जमणार?

नवरा : तिसऱ्या गिअरात काय चालवतोस रे… इंजिन कण्हतंय.

बायको : इंजिन नाही, तुम्ही कण्हताय. गप पडा. नाही, गप पडू नका. डोळे उघडा. बोला माझ्याशी.

नवरा : काय बोलू?

बायको : काहीही. शिव्या घाला मला.

नवरा : शिव्या कशाला…

बायको : घाला! मीच पाजलं. तो मोबाइलमधला माणूस सांगतो, रिकाम्या पोटी दुधीचा रस घ्या, नळ्या साफ होतात. मी आपली लागले किसायला. पाव बंद केला, साखर बंद केली, तळण बंद केलं, तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं मला? डोळे उघडे ठेवा म्हणतेय ना!

मेहुणा : ताई, काय चाललंय मागं?

बायको : तू पुढं बघ!

नवरा : तहान लागलीय.

बायको : पाजू नका म्हणालेत. थोडा दम धरा. आता पोचलो की डॉक्टर विचारतील, किती प्यायलात. फोनवरसुद्धा पहिलं तेच विचारलं. एक ग्लास सांगितलंय मी. मोठा स्टीलचा, पण काठापर्यंत नव्हता, असं सांगते.

नवरा : हं.

बायको : हं काय? एकच ना?

नवरा : ए.

बायको : काय होतंय? उलटी येतेय?

नवरा : दोन सांग.

बायको : काय दोन?

नवरा : ग्लास. तुझापण मीच प्यायलो.

बायको : सांडला म्हणालात ना तुम्ही?

नवरा : पहिल्या घोटालाच कळलं. जिभेला बॅटरीचं पाणी लागावं तसं. माझा संपवला. मग तुझ्या ग्लासाकडे बघितलं. म्हटलं, ही गच्चीवरून खाली येणार, ग्लास तोंडाला लावणार, आणि तोंड एवढंसं होणार हिचं. त्या वेलाशी बोलत असतेस तू, ऐकलंय मी. मी ग्रीसचा ड्रम कापून दिला, त्यात तू माती भरलीस, काठ्या रोवल्यास. पहिला दुधी धरला तेव्हा माझे हात काळे होते, तसाच हात धरून वर नेलंस मला दाखवायला. म्हटलं, कशाला कळायला हवं हिला.

बायको : अहो, मग मोरीत ओतायचा होता!

नवरा : मोरीत हिरवं दिसलं असतं. तुझ्या चपला वाजल्या जिन्यात.

बायको : चपला वाजल्या म्हणून प्यायलात?

नवरा : कडूच आहे, असं म्हटलं. मरतंय कोण कडू खाऊन.

बायको : छोट्या! जोरात घे! खड्डे मरू देत, जोरात घे!

•

मेहुणा : बस ना ताई. येरझाऱ्या घालून फरशी झिजवशील हॉस्पिटलची.

बायको : काय म्हणाली ती नर्स? तुझ्याशी काय बोलली? खरं सांग.

मेहुणा : तुला सांगितलं तेच. बीपी फार खाली गेलंय. दोन्ही हातांना सलाईन लावलंय. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नसतं म्हणे, शरीराला धरून ठेवायचं आणि वाट बघायची.

बायको : आणि स्प्रिंगा?

मेहुणा : त्यासाठीच तर छातीला वायरी लावल्यात. एरवीच्या माणसापेक्षा दाजींना जास्त जपावं लागेल म्हणाली. पण वेळेवर आणलंत, आणि दोन ग्लास म्हणून खरं सांगितलंत ते बरं केलंत, असंही म्हणाली.

बायको : खरं मी कुठं सांगितलं? त्यांनी सांगितलं. तेही टेम्पोत, डोळे मिटायला लागल्यावर. घरात मी विचारलं तर ‘सांडला’ म्हणे.

मेहुणा : चहा आणू?

बायको : नको. छोट्या, मला वाटत होतं त्यांना आवडायला लागलंय. खरंच वाटत होतं. उकडलेला कोबी दिला, छान. मीठ निम्मं केलं, छान. मग अजून कमी केलं, तरी छान. म्हटलं, बघा, जीभ वळवली की वळते. शेजारणीला सांगत होते मी, आमचे हे आता मिटक्या मारत खातात. म्हणून पुढं पुढं जात राहिले मी.

मेहुणा : टेम्पो रिव्हर्स घेताना असाच घोळ होतो. आपल्याला मागचं दिसत नाही. मागं उभा राहिलेला माणूस ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत राहतो. आपण येऊ देतो. नि भिंत.

बायको : टोमणा मारू नकोस रे आत्ता.

मेहुणा : टोमणा नाही गं. भिंत बघितलीय म्हणून सांगतो. एक विचारू? रागावू नकोस. गॅरेजशेजारच्या टपरीवर तळणीचा घाणा असतो बघ. मी एकदा गरम गरम भज्यांचा पुडा घेऊन गेलो दाजींकडे. वास घेतला त्यांनी, पार डोळे मिटून घेतला, आणि परत दिला. मी म्हटलं, खावा, ताईला कोण सांगतंय? तर म्हणाले, ‘तिला नाही कळणार रे. पण घरी गेल्यावर ती विचारणार, आज काय खाल्लं. रोज एक खोटं बोलतो तेवढं पुरे, दुसरं नको.’

बायको : रोज एक कुठलं?

मेहुणा : तेव्हा मलाही नाही कळलं.

बायको : छान.

मेहुणा : हो. ‘छान’ हेच असणार.

बायको : छोट्या, हा माणूस वाचला ना, तर मी… ती नर्स बघ. ती इकडेच येतेय. तू जा. तू विचार जा.

मेहुणा : बस इथं बाकावर. भिंतीला टेक… ताई. ताई, ऐक. बीपी थोडं वर आलंय. थोडंच आलंय, पण आलंय. अजून धोका गेला म्हणत नाहीत. पण शुद्धीत आहेत. आणि त्या नर्सला विचारतायत, टेम्पो तिसऱ्यातच आणला का त्यानं.

बायको : तिसऱ्यातच आणला का, असं विचारतायत?

मेहुणा : हो. आता रड. आता रडलीस तर चालेल.

•

(दुसऱ्या दिवशी. वॉर्डातली खिडकीकडची खाट. स्टूलावर झाकलेला वाडगा.)

नवरा : आलीस? गॅरेज उघडलं का कुणी?

बायको : नाही उघडलं. गाड्या कुठं पळून जात नाहीत. उशी सरळ करू?

नवरा : राहू दे. गादीवाले कुठं गेले आमचे?

बायको : लॉजवाल्याची समजूत काढायला गेलाय. एक गादी तुमच्या नावावर खपवली त्यानं. सकाळी गच्चीवर जाऊन वेल उपटून टाकला, मुळासकट. मीच सांगितलं.

नवरा : मुळासकट? चांगला चढला होता गं.

बायको : चढू दे. आता तोंड उघडा. हॉस्पिटलनं सूप दिलंय, पातळ. डॉक्टर म्हणाले चमचा-चमचा द्यायचं. हं. कसं आहे?

नवरा : छान… काय झालं? चमचा का खाली ठेवलास?

बायको : आणखी एकदा छान म्हणालात ना, तर मी उठून जाईन. खरंच जाईन.

नवरा : अगं, ठरलंय ना आपलं.

बायको : ते ठरलेलं मोडलं मी. काल त्या बाकावर बसून मोडलं. मान डोलावली होतीत ना तेव्हा? आता आडवी हलवा.

नवरा : मग काय, उद्यापासून तळलेलं?

बायको : तळलेलं नाही, नि मीठही वाढणार नाही. ते डॉक्टरांचं आहे, माझं नाही. पण तुम्ही बेचव आहे म्हणालात, तर लिंबू पिळता येतं मला. मिरं घालता येतं. गप्प बसलात तर कशावर काय पिळू मी? काळजी वाटते हो मला. एवढ्या शांतपणे जेवणारा माणूस मला ओळखूच येत नाही. तो ताट सरकवणारा माणूस वाईट होता, पण त्याच्या मनात काय आहे ते मला स्वयंपाकघरातून कळायचं.

नवरा : तुला वाईट वाटतं मग.

बायको : वाटू दे. काल जे वाटलं त्याच्यापुढे हे काहीच नाही. घ्या, आ करा. कसं आहे?

नवरा : … रेडिएटर धुतल्यावर पाणी निघतं बघ खाली. तसं.

बायको : तोंड?

नवरा : तोंडाचं काय?

बायको : तोंड वाकडं नाही केलंत.

नवरा : सवय गेली गं.

बायको : करा.

नवरा : हे बघ. असं. झालं समाधान?

बायको : अजून काय नाही आवडत?

नवरा : आत्ता? सगळं आत्ता सांगू? तो कोबी. ओलं पोतं चावल्यासारखं वाटतं. आणि ते रात्रभर भिजवलेलं कसलं तरी बी, घशात चिकटून बसतं दिवसभर. भोपळ्याचं सूप मात्र चांगलं होतं. ते खरंच छान होतं, ते छान खोटं नव्हतं… हसतेस काय? तूच म्हणालीस सांगा.

बायको : सांगा. मला कुठं जायचं नाही.