यांगत्सेत सोडलेला नारळ

आमचे बाबा कराडला तीस वर्षं भूगोल शिकवायचे. दोन हजार सहा साली ते आमच्याकडे इंग्लंडात ब्रॅकनेलला आले होते, तेव्हा ऑफिसमधल्या चेनला मी जेवायला बोलावलं. चेन वुहानचा. हे कळल्यावर बाबांचा घास हातातच राहिला.

"वुचांग, हान्कौ, हान्यांग. तीन गावं मिळून एक शहर. तिथंच हान नदी यांगत्सेला मिळते. विचार त्याला, संगमावर देऊळ कुठलं?"

मी विचारलं. चेन म्हणाला, "देऊळ नाही. लोक पोहतात."

बाबांना ते पटलं नाही. "संगम तो संगम. त्याला सांग, चिनी न्यू इयरला घरी जाशील तेव्हा माझ्या नावानं एक नारळ सोड."

सुट्टीवरून चेन थेट आमच्या घरी आला, जरा ओशाळलेला. "अंकल, सॉरी. नारळ सोडला, पण थंडीत पोहणारे एक आजोबा तो घेऊन बाहेर आले. म्हणाले, तुमचं काहीतरी पडलं."

मला वाटलं, बाबा खट्टू होणार. ते उलट खुलले.

"चेनला सांग, आमच्या संगमावरही सोडलेला नारळ कोणीतरी काढतंच. फक्त परत आणून देत नाही."