मऊ कवचाचं अंडं

मानपाड्याला रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण बाई आणि तिच्या शेजारच्या आजी उभ्या होत्या.

“हौसामावशी, कोंबडी चार दिवस मऊ कवचाची अंडी देतेय. सासरे म्हणतात, रविवारी कापू. माझ्या आईने दिलेली आहे हो ती.”

“काय घालतेस तिला?”

“उरलेला भात.”

“नुसत्या भातावर कवच कसं धरेल, योगिनी? अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य मिळतं, ते आण. शिंपल्या कुटून वेगळ्या वाटीत ठेव. लागतील तेवढ्या तीच खाईल. पंधरा दिवस बघ.”

“सासरे थांबतील?”

“मी सांगते त्यांना.”

“आणि नाहीच सुधारली तर?”

“मला आणून दे. आमच्या परसात अंडी न देणाऱ्या दोघी आहेत, मला धरून तिघी. अजून एकीला जागा आहे.”