अकरा गाड्या आणि मैनाचं फडकं

...आणि वर ह्यांच्या ऑफिसातला नियाज मला म्हणतो, "वहिनी, रिलॅक्स!" आता तुम्हीच सांगा, मी टेन्शनमध्ये दिसते का? तुम्हाला सांगते, मी काही काळजी करणारी बाई नाही. अकरा महिन्यांची मुलगी पहिल्यांदाच दिवसभर सासूबाईंकडे ठेवून निघाले, म्हणून फक्त चार पानं सूचना लिहून फ्रिजवर लावल्या, बास! बरं, पाठपोट. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. सदाशिव पेठ सोडून विश्रांतवाडीत येऊन वीस वर्षं झाली, जीभ मात्र अजून तिकडेच राहते. पहिलं पान वाचलं, चष्मा वर केला नि म्हणाल्या, "मैना घरातच राहणार आहे ना? की अंतराळात चालली आहे?"

तर सहल आमच्या ह्यांच्या खराडीच्या ऑफिसातल्या मोटारसायकलवाल्यांची. अकरा गाड्या, भोरच्या पुढे नीरेकाठी एक बाग आहे तिथे जायचं, झाडाखाली जेवायचं, होडीत बसायचं, संध्याकाळी परत. नवऱ्याचं नाव हिंदुराव. पणजोबांचं ठेवलंय, त्याचा दोष नाही. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, हेल्मेट चढलं की अरे. तो म्हणाला, "बाळ झाल्यापासून तू एकदा तरी बाहेर पडलीस का?" पडले की! लस द्यायला पडले, ताप आला तेव्हा पडले...

आता या लोकांचा एक नियम आहे. नियाज सगळ्यांच्या पुढे, सुहासिनी आपल्या गाडीवर सगळ्यांच्या मागे, आणि मधला एक जरी थांबला तरी सगळ्यांनी थांबायचं. कुणाला मागे टाकायचं नाही. किती छान नियम, नाही? मला काय माहीत! मी येरवड्यालाच हिंदुरावच्या खांद्यावर हळूच थोपटलं, म्हटलं अर्ध्या मिनिटाचा फोन, कुणाला कळणारसुद्धा नाही... वळून बघते तर रस्त्याच्या कडेला ओळीने सगळ्या गाड्या उभ्या, सगळ्यांची हेल्मेटं काढलेली, आणि सगळे माझ्याकडे बघतायत!

"आई, मैना काय करतेय?"

"तू निघालीस तेव्हा काय करत होती?"

"खेळत होती."

"मग खेळतेच आहे. तेवढ्यात दात आला तर कळवते. ठेव."

मग कात्रजला एकदा थांबलो. मग बोगदा आला. बोगद्यात रेंज जाते, आणि नेमकं त्याच दोन मिनिटांत काही झालं असेल तर? म्हणून बोगद्यानंतर एकदा. तोवर सगळ्यांना मैनाचं वेळापत्रक पाठ झालेलं. तो बजरंग, एवढा धिप्पाड, छातीपर्यंत दाढी, जाकिटावर ही मोठी कवटी, तो हायवेच्या कडेला मला विचारतो, "वहिनी, शी झाली का? नाही म्हणजे, माझ्या भाचीला दात येताना जरा त्रास..." झाली, म्हटलं. तर सगळीकडून "अरे वा!" माझे कान लाल! पण मी काही काळजी करणारी बाई नाही, मी सरळ हेल्मेट घातलं.

बाग सुंदर होती. असावी. नदी होती, झाडं होती, सावली होती. सतरंजी अंथरली, मी धपाट्यांचा डबा काढायला पिशवीत हात घातला आणि हाताला काहीतरी मऊ लागलं... मैनाचं फडकं! माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा आहे तो. गालाशी धरल्याशिवाय ती झोपत नाही. तिसऱ्या पानावर लाल पेनाने अधोरेखित करून लिहिलंय मी, 'फडक्याशिवाय झोपणार नाही', आणि फडकं कुठे? माझ्याबरोबर सहलीला! पावणेबारा वाजलेले, दीडला तिची झोप. रेंज शून्य! फोन वर धरून मी काठाकाठाने पार होडीपर्यंत धावले, नावाडी म्हणतो, "ताई, बसायचंय का?" छे, बसतेय कसली!

हिंदुरावच्या कानात म्हटलं, "अरे, आपण दोघं गुपचूप निघू."

"धपाटा तोंडात आहे माझ्या!"

तेवढ्यात नियाज उठला. विचारलं, कळलं, आणि त्याने टाळी वाजवली. "एकत्र आलो, एकत्र जायचं. चला!" मी म्हणतेय नको नको, तुम्ही होडीत तरी बसा... सुहासिनी म्हणाली, "अगं, नदी कुठे जातेय?" बजरंगने हातातली अर्धी खीर तशीच झाकून ठेवली हो! मला मेल्याहून मेल्यासारखं.

परतीला मात्र एकदाही थोपटलं नाही. वाटेतून फोन लावायचीच भीती वाटली. ती रडून रडून निळी झाली असेल, हे ऐकायचं कसं? आणि खरं सांगू का, तुम्ही हसू नका, दुसरीही एक भीती होती. ती मुळीच रडली नसेल तर?

अकरा गाड्या गल्लीत शिरल्या तशा खालच्या आनंदीबाई गॅलरीत आल्या. "कोण निवडून आलं?" मी उत्तर न देता दोन-दोन पायऱ्या गाळत वर. हेल्मेट, हातमोजे, जाकीट सगळं तसंच, हातात फडकं झेंड्यासारखं. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पलंगावर मैना गाढ झोपलेली. गालाशी काहीतरी घट्ट धरलेलं. वाकून बघितलं, तर माझी चार पानं! चुरगळून, चघळून, लाळेने मऊ केलेली.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुझ्या सूचना फार उपयोगी पडल्या हो."

मी अजून थोडी वाकले. पापी घ्यायला. मैनाने डोळे उघडले, समोर हे काळ्या काचेचं भलंमोठं डोकं... आणि जी किंकाळी फोडली म्हणता!

"सकाळपासून पहिल्यांदा रडली," सासूबाई म्हणाल्या.

किंकाळी खाली गल्लीपर्यंत पोचली. मग बजरंगचा भरून आलेला आवाज, "ऐकलंत ना नियाजभाई? आईशिवाय राहत नाही लेकरू! बरं झालं निघालो!"

आता तुम्हीच सांगा, खीर अर्धी सोडून आलेल्या माणसाला खिडकीतून काय सांगायचं? मी हेल्मेट काढलं, रडकी मैना कडेवर घेतली आणि वरूनच हात जोडले. मी काही काळजी करणारी बाई नाही, पण म्हटलं, पुढच्या सहलीला निदान बोलावतील तरी... मैनाला.