गोधडीचं पोट

वरचे ठिगळ । पाहती हे डोळे ।
आतले ते कळे । देवालागी ॥

नाम घ्या मंडळी, एकदा नाम घ्या. — अहो, मोठ्यानं! देव बहिरा नाही, पण मागच्या रांगेत दोघं झोपलेत.

एक प्रश्न टाकतो. जे काम कुणाला दिसतच नाही, ते नीट कशाला करायचं? हं? वर बघा. पंखा फिरतोय. पात्यांवर देणगीदाराचं नाव लिहिलंय. पंखा बंद असला की नाव वाचता येतं. पंखा सुरू झाला, लोकांना वारा लागला, की नाव गायब! आता देणगीदारानं काय म्हणावं? "जरा वेळ बंद ठेवा की!" — हसू नका, ते पुढंच बसलेत.

तर आख्यान.

एक बाई उभी आहे. हातात कात्री. समोर एकवीस गोधड्यांची चळत. भोवती माणसांचं कडं. आणि कात्री चालवायला तिचा हात —

थांबा! चुकलं माझं. मधलं ठिगळ आधी लावलं मी. गोधडी शिवतात कशी? कडेकडेनं सुरुवात करून आत, आत, मध्यापर्यंत. चला कडेला.

गाव चिंचकुंड. माणदेशातलं. उन्हाळ्यात तापतं तव्यासारखं आणि हिवाळ्यात असं गारठतं की माणूस आधी गोधडीत शिरतो आणि मग देवाचं नाव घेतो. तिथं हौसाबाई. सगळ्यांची हौसाक्का. वय पन्नाशीच्या पुढं, आवाज खणखणीत, आणि हात डावा. लहानपणी आजी तिच्या डाव्या हातावर उलथनं मारायची. "डाव्या हातानं शिवलेलं देवाला चालत नाही" म्हणायची. उलथनं मोडलं, हात काही बदलला नाही! पण लाज राहिली. चार लोकांत शिवायची वेळ आली की हौसाक्का भिंतीकडं तोंड करून बसायची.

तिच्या ओसरीवर तिच्यासकट सात बायका जमायच्या. जुनी लुगडी, धोतरं, नातवाची फाटकी झबली, सगळं एकावर एक अंथरायचं, वर रंगीत ठिगळं मांडायची आणि धावदोरा घालत जायचं. एकेका गोधडीला महिना. आणि त्या गावाची एक रीत होती, ऐका हं, सगळं आख्यान हिच्यावर उभं आहे! शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत भाकरीचा एक तुकडा ठेवायचा. नखाएवढा. याला म्हणायचं, गोधडीचं पोट भरणं. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं चिंचकुंडातल्या बायका मानायच्या.

खुळेपणा? असेल. तुम्ही नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवता, तेव्हा इंजिन बघून ठेवता का?

तर पुण्याहून आले झेंडेसाहेब. पांढरा सदरा, दोन मोबाइल, बोलणं असं की ताकात साय यावी. त्यांनी गोधड्या पाहिल्या, हात फिरवला, म्हणाले, मोठ्या प्रदर्शनात मांडू, चिंचकुंडच्या गोधड्या म्हणून मांडू, तुमच्या गावाचं नाव करू. एकवीस गोधड्या सांगितल्या. सात बायका, प्रत्येकीला तीन. हौसाक्काला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पैशाला ती भुलली नव्हती, मंडळी. गावाचं नाव पाटीवर! आजवर चिंचकुंडचं नाव फक्त एसटीच्या पाटीवर असायचं, तेही अर्धं पुसलेलं.

नमुन्याची पहिली गोधडी पुण्याला गेली. आठ दिवसांत परत आली. कोपरा कुरतडलेला!

उंदीर.

झेंडेसाहेबांचा फोन आला. भाकरीबिकरी बंद, म्हणाले. एका गोधडीत जरी तुकडा सापडला तरी सगळ्या परत पाठवीन.

आता हौसाक्काची काय गत झाली असेल? एका बाजूला आजीपासून चालत आलेली रीत, दुसऱ्या बाजूला पाटीवरचं नाव. तुम्ही काय केलं असतं? — हां, एकमेकांकडं बघताय. तिनंही दोन दिवस विचारात काढले. तिसऱ्या दिवशी तिनं ओसरीवर सांगून टाकलं, या खेपेला पोट भरायचं नाही. केरामावशी सगळ्यांत म्हातारी. तोंडात दात चार, पण प्रत्येक दात बोलणारा. ती एवढंच म्हणाली, "उंदराच्या भीतीनं लेकराला उपाशी निजवायचं म्हण की."

"मावशी, गावाचं नाव होतंय," हौसाक्का म्हणाली.

"व्हय बाई. तुझ्या शब्दाबाहेर कोण हाय?"

आणि खरंच, कुणी शब्दाबाहेर गेलं नाही. प्रत्येक गोधडी पुरी झाली की हौसाक्का चारही कोपरे अंगठ्यानं दाबून बघायची. तुकडा लागत नाही ना! कोपरे मऊ. सगळ्या बायका खाली मान घालून शिवतायत. हौसाक्कानं स्वतःच्या तीन गोधड्या शिवल्या, कोपरा बंद करताना हात थबकला, पण बंद केला. एकवीस गोधड्या गेल्या. पैसे चोख आले, त्याबद्दल साहेबांना नावं ठेवायची नाहीत. पैशाचं हे भांडणच नाही.

वरचे ठिगळ । पाहती हे डोळे — म्हणा माझ्याबरोबर. मृदंग, हळू. बायका प्रवासाला निघाल्यात.

सातही जणी प्रदर्शन बघायला गेल्या. नवी लुगडी, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, केरामावशीला गाडी लागली ती दोनदा. मांडवात शिरल्या. लोकरीची तोरणं, विणलेले रुमाल, कापडी बाहुल्या, डोळे फिरावेत असं सगळं. आणि मधोमध त्यांच्या गोधड्या! मालन नावाची सगळ्यांत धाकटी, शिकलेली. ती पाटी वाचायला पुढं झाली आणि थांबली.

"वाच की गं."

"झेंडे हस्तकला," मालन म्हणाली. "आमच्या स्वतःच्या कारागिरांनी घडवलेल्या."

चिंचकुंडचं नाव? नाही. खाली कोपऱ्यात? नाही. आणि त्याच वेळी परीक्षक कर्णिकबाई तिथं उभ्या. त्या ठरवणार होत्या की सरकारी बाजारातला वर्षभराचा गाळा कुणाला द्यायचा. नियम एकच, ज्यानं वस्तू घडवली त्यालाच गाळा. बाईंनी झेंडेसाहेबांचं नाव लिहायला पेन काढलं होतं.

मंडळी, हौसाक्का गर्दीत घुसली. "त्या आमच्या हायत," म्हणाली.

झेंडेसाहेब हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. हसले! कर्णिकबाईंना म्हणाले, गावाकडच्या भाबड्या बायका, सगळ्याच गोधड्या यांना आपल्याच वाटतात. मग हौसाक्काकडं वळून गोड आवाजात म्हणाले, "मावशी, तुमच्या असतील तर काही खूण असेल ना? दाखवा की."

खूण.

बघा मंडळी, इथं आख्यानाची सुई अडली. खूण होती! पिढ्यान्‌पिढ्या होती. कोपरा उसवला की भाकरीचा तुकडा, जगात दुसऱ्या कुठल्या गोधडीत सापडणार नाही असा. आणि ती खूण काढली कुणी? झेंडेसाहेबांनी? नाही हो. त्यांनी फक्त सांगितलं. काढली हौसाक्कानं, एकवीस गोधड्यांचे चौऱ्याऐंशी कोपरे अंगठ्यानं दाबून दाबून! ज्या नावासाठी तिनं पोट काढलं, ते नाव पोटाबरोबरच गेलं. दाखवायला तिच्याकडं काही उरलं नव्हतं. कर्णिकबाईंनी थोडी वाट पाहिली आणि मान खाली घालून लिहायला लागल्या.

तेवढ्यात मागून केरामावशीनं कोपरानं ढोसलं. "हौसे. कात्री घे आन्‌ कोपरा उसव."

"त्यात काय न्हाई, मावशी. मीच दाबून बघितलंय."

"तू दाबून बघितलंस. मी शिवलंय. ती निळी घे."

आता कळलं कात्री कुठून आली? बाजूच्या बाहुल्यांच्या दुकानातून! हौसाक्कानं पातं टाक्याला लावलंय, पण दाबत नाही. कोपरा उसवला आणि काही नाही निघालं, तर? खोटारड्या ठरलो आणि वर दुसऱ्याचा माल फाडला म्हणून पोलीस! केरामावशी मात्र कर्णिकबाईंना शांतपणे सांगत होती, "बाई, आधी ऐका, मग बघा. त्यात बाजरीचा एक दाणा असंल. एकच."

कच. कच. चार टाके तुटले. हौसाक्कानं कोपरा तळहातावर झटकला.

बाजरीचा एक दाणा!

अंगठ्याला लागेल का हो तो, लुगड्याच्या सहा पदरांतून? केरामावशीनं बरोबर हिशेब केला होता. भाकरी बंद म्हणालात ना? बंद! दाणा बंद असं कोण म्हणालं होतं?

आणि मग — अहो, मग काय! मालन पुढं आली, मान खाली. "अक्का, रागावू नका. माझ्या तिन्हींत तीळ आहे." उसवला. तीळ! दुसरी म्हणाली, माझ्यात तांदूळ. तांदूळ! तिसरी म्हणाली, तुरीची डाळ. डाळ! चौथीनं भीत भीत सांगितलं, पोह्याचा चुरा. पाचवी म्हणाली, ज्वारी, पण मोडकी, चांगली वाया कशाला घालवायची! प्रत्येकीनं आधी सांगायचं, मग उसवायचं, आणि नेमकं तेच बाहेर! सहाजणी, अठरा गोधड्या, अठरा भरलेली पोटं! आणि गंमत अशी की एकीनं दुसरीला सांगितलं नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, अक्काचा शब्द मीच एकटी मोडतेय. सहा चोर एका ओसरीवर, आणि सहाही जणी चोरून वाढत होत्या!

"मला का सांगितलं न्हाई?" हौसाक्कानं विचारलं.

"तू दाबून बघत हुतीस," केरामावशी म्हणाली. "मग सांगायचं कशाला?"

लोक हसले. टाळ्या पडल्या. पण झेंडेसाहेब कच्चे नव्हते. त्यांनी उरलेल्या तीन गोधड्या ओढून घेतल्या. म्हणाले, या तीन तरी उघडा. उघडल्या. रिकाम्या! साहेबांचा आवाज चढला. "बघा बाई, रिकाम्या. या माझ्या कारखान्यातल्या. म्हणजे मीही कारागीर आहे, गाळ्यावर माझाही हक्क आहे."

सगळ्या बायका हौसाक्काकडं बघायला लागल्या. त्या तीन कुणाच्या? तुम्हाला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. आणि सिद्ध कशानं करणार? बाकीच्या सहाजणींचं काम भागलं होतं. तिनं गप्प राहून मागं सरकावं आणि घरी जावं, एवढंच उरलं होतं.

ती पुढं झाली. "त्या माझ्या," म्हणाली. "साहेबांनी सांगितलं आणि मी ऐकलं. सगळ्यांच्या जेवल्या, माझ्याच लेकी उपाशी राहिल्या."

मग तिनं काय केलं, ऐका. फडकं सोडलं. भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला. कमरेच्या बटव्यातून सुई काढली आणि तिथं, भर मांडवात, शेकडो डोळ्यांसमोर जमिनीवर बसली. आज भिंत नव्हती, मंडळी! तोंड लोकांकडं. सुई डाव्या हातात. तुकडा आत ठेवला आणि कोपरा शिवायला लागली.

कर्णिकबाई वाकल्या. चष्मा पुसला. परत वाकल्या. चळतीतल्या अठरा गोधड्यांचा धावदोरा उजवीकडून डावीकडं जात होता. या तिन्हींचा डावीकडून उजवीकडं. गाठ उलट्या कोपऱ्यात, टाका उलट्या बाजूला कललेला. आणि हौसाक्काच्या बोटांखालून जो नवा टाका निघत होता तो जुन्या टाक्याच्या ओळीत असा जाऊन बसत होता, जसा दाणा कणसात! कुठं उसवलं होतं ते कळेना. आजीनं ज्या हातावर उलथनं मोडलं, तोच हात साक्ष देत होता!

बाईंनी दुसरी सुई ओवली आणि झेंडेसाहेबांपुढं धरली. "तुम्ही कारागीर आहात ना? दोन टाके घाला."

साहेबांनी सुई घेतली. हातात फिरवली. मग त्यांचा एक मोबाइल वाजला — वाजला की वाजवला, देव जाणे — आणि ते "आलोच" म्हणून गेले. ते अजून येतायत!

पाटी उतरली. मालननं नवी लिहिली: चिंचकुंडच्या गोधड्या. खाली सात नावं. हौसाक्काचं नाव तिनं पहिलं लिहायला घेतलं, तर हौसाक्कानं तिचा हात धरला आणि शेवटी लिहायला लावलं. गाळा मिळाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा माणूस आला आणि त्यानं विचारलं की आता उंदरांचं काय करणार. केरामावशी म्हणाली, "उंदराला भाकरी लागती. गोधडीचं एका दाण्यावर भागतं." तेव्हापासून तिथं दाणाच घालतात. रीत मोडली नाही, नुसती बारीक झाली.

आणि हौसाक्का आता गाळ्याच्या दारातच शिवायला बसते. रस्त्याकडं तोंड करून. डाव्या हातानं!

आतले ते कळे । देवालागी ॥ — आता जोरात! त्या सातजणींसाठी!

बास. आता तुमच्याकडं वळतो. पळू नका, चपला कुठं जात नाहीत. मघाचा प्रश्न आठवतोय? न दिसणारं काम नीट कशाला करायचं? सहाजणींनी पुरावा म्हणून दाणा ठेवला होता का? त्यांना कोर्टकचेरी ठाऊक नव्हती. लेकरू उपाशी झोपू नये, एवढंच. जे कुणाला दाखवायचं नव्हतं, तेच भर मांडवात बोललं. मास्तर, वर्ग तपासायला कुणी येणार नसतं त्या दिवशी कसं शिकवता? गवंडीदादा, गिलाव्याखाली काय घालता? सूनबाई, सासूबाई — नको, तुमच्यात मी पडत नाही!

या पेटीखाली घातलीय ना, ही हौसाक्काच्या हातची गोधडी. उलट्या टाक्याची. मागचे म्हणतायत, महाराज, कोपरा उसवून दाखवा. नाही उसवणार. आत काय आहे ते तिला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

उद्या सकाळी कामाला बसाल, तेव्हा तुमचा कोपरा बंद करायच्या आधी एकदा चाचपा. कुणी बघत नसेल. आत काही लागतंय का?