आठ हजार फूट

सातारा स्टँडवर, "सांगलीची गाडी हितंच लागती," असं निवृत्त सुभेदार नाथाजींनी ठासून सांगितलं, तशा गाडीची चौकशी करणाऱ्या प्रवासी विनोदिनीबाई निर्धास्त होऊन बाकावर टेकल्या. शेजारी नाथाजींची को-पायलट लेक वडिलांना सांगत होती.

"आबा, इमान उतरवताना टॉवरनं आठ हजार फुटांवर थांबायला सांगितलं, आन् कॅप्टननं सात लावलं."

"मग?"

"म्या म्हनलं, सर, आठ."

"तुज्यापेक्षा लय मोठा मानूस आसंल."

"तुमच्याच वयाचे. लगीच आठ लावलं, थँक्यू बी म्हनले."

"ब्येस केलंस. चूक दिसली की बोलायचं, समोर कुनी का आसंना."

"मग आबा, सांगलीची गाडी पलीकडं लागलीया."

"कवा?"

"मगाशीच."

"आन् तू गप बसलीस व्हय?"

"ते कॅप्टन हुते. तुमी आबा हायसा."

विनोदिनीबाईंनी पिशवी उचलून पलीकडची वाट धरली.