रक्ताचं पान

(गोटमारीचा दिवस: नदीतल्या झाडावरचा झेंडा काढायला पांढुर्ण्याचे लोक जातात, पलीकडच्या काठावरचे सावरगावकर गोटे मारून अडवतात. हेमंत पांढुर्ण्यात दवाखान्यात, उर्वशी सौंसरला घरी संगणकापुढे. दोघं फोनवर.)

हेमंत : तुझं ते रक्तदात्यांचं पान उघडूनच नाही राहिलं, उर्वशी. नाव टाकाले लोकं पोस्टर स्कॅन करतात अन् पांढऱ्या स्क्रीनकडे पाहत बसतात.

उर्वशी : इथं तर लगेच उघडते, हेमंतभाऊ.

हेमंत : सौंसरले उघडून काय करू? इथं नदीवर एवढी गर्दी, नेटवर्क पार बसलं.

उर्वशी : आलं लक्षात. पानामागे पंधरा-वीस फायली आहेत, रंगाच्या वेगळ्या, बटणांच्या वेगळ्या. मोबाइल एकेक मागत बसतो. एक अडकली की सगळंच अडकते. त्या एकत्र बांधायची कमांड आहे, देते.

हेमंत : लवकर दे. ओ निगेटिव्ह पायजे. माइकवर ओरडून घसा बसला, त्या गोंगाटात कोण ऐकते? छिंदवाड्याहून रक्त आणणारी गाडी रस्त्यात अडकली.

उर्वशी : एरर आली.

हेमंत : आता काय म्हणते?

उर्वशी : एक फाइल सापडत नाही म्हणते. काल तिचं नाव बदललं, कुठंतरी जुनंच राहिलं असेल. शोधून राहिले... पेशंट कोण आहे?

हेमंत : तू शोध.

उर्वशी : आमचा प्रफुल्लदादा फोन उचलत नाही. हेमंतभाऊ, पेशंट कोण आहे?

हेमंत : ...प्रफुल्लच हाय. झेंडा काढाले गेला अन् खडकावर पडला. मांडी फाटली, रक्त लय गेलं.

उर्वशी : आईला?

हेमंत : काकूले नाही सांगितलं. तुलेही नव्हतो सांगत. रडू नको पोरी.

उर्वशी : रडत नाही. अक्षरं दिसून नाही राहिली फक्त.

हेमंत : डोळे पूस. मी हाय लाइनवर.

उर्वशी : सापडलं. वरच्याच ओळीत होतं. पुन्हा कमांड दिली... बांधलं गेलं. दोनच फायली झाल्या. चढवल्या. पाहा बरं.

हेमंत : पांढरंच हाय.

उर्वशी : मोबाइलनं जुनं धरून ठेवलं असेल. बंद करून उघडा.

हेमंत : उघडलं! ए चंचल, रक्तदानाच्या मंडपात पळ, पुन्हा स्कॅन कराले सांग!

उर्वशी : नावं यायला लागली. बी पॉझिटिव्ह... ए... पुन्हा बी... ओ निगेटिव्ह! श्रीधर नाव आहे, पुलाजवळ उभा आहे असं लिहिलं. नंबर पाठवला.

हेमंत : गाडी धाडली. फोन ठेवू नको.

उर्वशी : नाही ठेवत.

हेमंत : दारात गाडी आली. थांब, पाहतो.

उर्वशी : हेमंतभाऊ? आला का तो?

हेमंत : आला. सावरगावचा हाय. सकाळपासून तिकडून गोटे मारून राहिला होता म्हणते.

उर्वशी : कोणाला रक्त पाहिजे ते सांगितलं त्याला?

हेमंत : सांगितलं. पांढुर्ण्याचा झेंडेवाला म्हणून.

उर्वशी : मग?

हेमंत : मग काही नाही. बाही वर केली अन् नर्सबाईले म्हणते, कुठं झोपू?